बरणी ओली राहिली

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



हिशोब नंतर बघू. आधी लोणच्याचं बोलते, कारण चूक माझी होती.

डोंबिवलीच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बरण्या धुतल्या, पण आभाळ भरलेलं, वाळल्याच नाहीत. एक मावशी म्हणाल्या, "पोरी, ऊन दाखवल्याशिवाय भरू नको." मी म्हटलं, फडक्याने पुसून घेऊ, टेम्पो यायचाय. ४८ बरण्या भरल्या. तीन आठवड्यांत ११ परत आल्या, वर पांढरी बुरशी. पैसे गटाच्या खात्यातून द्यावे लागले. मी एमएसडब्ल्यू शिकलेली आणि मावशी शाळेत न गेलेल्या. पण बुरशी त्यांना कळत होती, मला नाही.

मग नीट समजून घेतलं. जंतूला तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि खाणं. खाणं तर आपण बरणीत भरतोच, म्हणून ओल आणि ऊब यावर लक्ष ठेवायचं. उन्हात ओल जाते, शिवाय उन्हाच्या किरणांनीही जंतू मरतात. आणि मी केलं काय, तर ओल्या फडक्यातले जंतू पुसून पुसून बरणीत घातले! पावसाळ्यात ऊन नसेल तर काचेच्या बरण्या गार पाण्यात ठेवून पाणी तापवा, दहा मिनिटं उकळू द्या, मग पालथ्या घालून पूर्ण कोरड्या करा. गरम बरणी गार ओट्यावर ठेवू नका, तडकते.

मीठ जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. कैरीच्या एक किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं ते यासाठी. शहरातली गिऱ्हाइकं म्हणतात, "मीठ कमी करा हो." करा, पण मग ते लोणचं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं, असं लेबलवर लिहा. वरचं तेल हवा अडवतं, म्हणून फोडी तेलाखाली बुडालेल्या हव्यात.

फ्रीजबद्दल एक गैरसमज आहे. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. लाईट गेली की पुन्हा कामाला लागतात. मारते ती उष्णता. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेवढ्याने रोगाचे जंतू मरतात. आपण उकळतो ते त्याहून जास्तच.

आता पाण्याचं. हे लोणच्याहून मोठं आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण, बदलापूरच्या वस्त्यांत शिरलं होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो चिखल उपसलाय. मी तेव्हा लहान होते. पुराचं पाणी ओसरतं, विहिरीत उतरलेली घाण तिथेच राहते. त्यावर उपाय टीसीएल पावडर.

चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा. चुना ओतायचा नाही. मग निदान तासभर कोणी पाणी भरायचं नाही. रात्री टाकलेलं बरं. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन त्या मातीवरच खर्च होतो, म्हणून पावडर जास्त लागते.

पण खरी गडबड पोत्यात असते. तोंड उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीतला क्लोरिन उडून जातो. मग आपण विहिरीत चुना टाकतो आणि समाधान मानतो. म्हणून ओटी टेस्ट करून बघा: नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे. रंग आलाच नाही तर "टाकलंय ना ताई" हे उत्तर चालवून घेऊ नका. जलसुरक्षकाला पुन्हा टाकायला लावा, आणि तोवर पिण्याचं पाणी उकळा. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं, पण पावसाळ्यात नुसत्या कळशीवर विसंबू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून एकीने ग्रामपंचायतीत जाऊन पोतं बंद आहे का, त्यावर तारीख कुठली आहे, हे बघून यायचं. आणि त्या ११ बरण्यांचे पैसे मी माझ्या मानधनातून दोन हप्त्यांत भरते. ठराव वहीत लिहून घ्या.