आत्याच आजी, आईच आत्येबहीण

आज कोड नाही, गॅजेट नाही. आज स्पेनचं राजघराणं. हॅब्सबर्गांच्या त्या लांब हनुवटीचे मीम्स तुम्ही पाहिलेच असतील. हनुवटीवर सगळे हसतात, मला मात्र एका चौदा वर्षांच्या मुलीबद्दल बोलायचंय.

तिचं नाव मारियाना. वडील व्हिएन्नाचे सम्राट, आई स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाची सख्खी बहीण. म्हणजे फिलिप तिचा मामा. तिचं लग्न ठरलं होतं मामेभावाशी, फिलिपच्या मुलाशी. १६४६ साली तो मुलगा सोळाव्या वर्षी वारला. फिलिप विधुर होता आणि आता त्याला मुलगा उरला नव्हता. मग १६४९ मध्ये मामानेच भाचीशी लग्न केलं. तो ४४ वर्षांचा, ती १४ वर्षांची. होणारा सासराच नवरा झाला!

असं का? हॅब्सबर्गांच्या दोन शाखा होत्या, एक माद्रिदला आणि एक व्हिएन्नाला. मुलगी बाहेर दिली की तिच्याबरोबर गादीवरचा हक्कही बाहेर जायची भीती. म्हणून मुली घरातल्या घरातच फिरवायच्या. एवढ्या जवळच्या नात्यात पोपची परवानगी लागायची, पण राजांना ती मिळायची.

मी या घराण्याचा फॅमिली ट्री काढायला बसलो तर फांद्या पुन्हा एकमेकींतच घुसायला लागल्या. मारियानाचा मुलगा दुसरा कार्लोस, जन्म १६६१. त्याच्या आईची आई कोण? वडिलांची बहीण, म्हणजे आत्याच आजी. मग आई कोण? आत्याची मुलगी, म्हणजे आत्येबहीण. तिसरा फिलिप एका बाजूने आजोबा, दुसऱ्या बाजूने पणजोबा. इंग्रजीत अंकल-आंटी म्हणून हे सगळं झाकून जातं, मराठीत लपायला जागाच नाही.

२००९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी या घराण्याच्या १६ पिढ्यांतले ३००० हून जास्त लोक घेऊन हिशोब मांडला. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता किती, असा तो हिशोब. साध्या मामा-भाचीच्या मुलात ती साडेबारा टक्के असते. कार्लोसमध्ये पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त निघाली. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मुलात असते तेवढी!

मारियानाला पाच मुलं झाली, त्यातली दोनच जगली. त्यातल्या एका मुलाचं, फेलिपे प्रोस्पेरोचं, वेलाझ्केझने काढलेलं चित्र व्हिएन्नात आहे. जमलं तर झूम करून बघा. फिकट पोरगं, अंगावर ताईत आणि छोटी घंटी. दृष्ट लागू नये म्हणून. चार वर्षांचा व्हायच्या आतच तो गेला, आणि पाचच दिवसांनी कार्लोस जन्मला. कार्लोस उशिरा बोलला, उशिरा चालला, कायम आजारी. लोक त्याला 'करणी झालेला' म्हणायचे. त्याच्यावर भूत उतरवायचे विधीही झाले. जगलेली मुलगी मार्गारीता, 'लास मेनिनास' चित्रात मधोमध उभी आहे ती. तिला १५ व्या वर्षी दिली आईच्या सख्ख्या भावाला, म्हणजे पुन्हा मामालाच. २१ व्या वर्षी ती गेली.

कार्लोसची दोन लग्नं झाली, मूल नाही. १ नोव्हेंबर १७०० ला तो वारला आणि स्पेनमधलं घराणं संपलं.

आता गंमत बघा. १६१५ मध्ये स्पेन आणि फ्रान्सने चक्क साटंलोटं केलं होतं. सीमेवरच्या बिदासोआ नदीवर इकडची राजकन्या तिकडे, तिकडची इकडे. पुढे १६६० मध्ये कार्लोसची सावत्र बहीण मारिया तेरेसा फ्रान्सच्या चौदाव्या लुईला दिली. तोही तिचा आत्येभाऊ आणि मामेभाऊ, दोन्ही! लग्नात तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला, बदल्यात स्पेनने पाच लाख सोन्याची नाणी हुंडा द्यायचा होता. तो काही पूर्ण दिला गेला नाही. मग फ्रेंच म्हणाले, हुंडा नाही तर हक्क सोडलाच नाही. शेवटी कार्लोसने मृत्युपत्रात गादी दिली ती याच बहिणीच्या नातवाला. त्यावरून १७०१ ते १७१४ युरोपभर युद्ध पेटलं, आणि त्यातच इंग्रजांनी घेतलेलं जिब्राल्टर आजही ब्रिटनकडे आहे. स्पेनचा आजचा राजा सहावा फेलिपे, तो त्या नातवाचाच वंशज.