दुष्काळनिवारणाचा खर्च कोणीं सोसावा?

(समितीच्या आश्रयदात्यांच्या सभेंत झालेलें भाषण, सभेच्या इच्छेवरून येथें छापिलें आहे.)



समितीचा अहवाल आपण ऐकलाच आहे. वर्गणी गोळा करण्यास आमचे स्वयंसेवक पेढ्यापेढ्यांवर जातात, तेव्हां दोन आक्षेप त्यांच्या कानीं हमखास पडतात. पहिला असा कीं, आम्ही सरकारास कर देतों, दुष्काळाचें निवारण हें सरकारचें काम, मग पुन्हां वर्गणी कशाला? दुसरा त्याच्या उलट. तो असा कीं, सरकार गरिबांवर असाच पैसा खर्च करीत बसलें तर खजिन्याचा तळ दिसूं लागेल, आणि शेवटीं तो बोजा आमच्याच माथीं येईल. पुष्कळदां हे दोन्ही आक्षेप एकच गृहस्थ एकाच बैठकींत घेतात! तथापि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. ज्याच्याकडे आपण द्रव्य मागतों त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून आज मी आपणांपुढें हिशेबाचीच भाषा बोलणार आहें.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? भुकेल्या लोकांसाठीं पंतांनीं बादशाही कोठारें खुलीं केलीं, आणि त्या धान्याची किंमत पांडुरंगानें सेवकाच्या वेषानें बेदरच्या दरबारीं नेऊन भरली, असें परंपरा सांगते. कथेंतला भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवला तरी व्यवहाराची एक गोष्ट तींत स्पष्ट आहे. कोठार उघडणें हा धर्म खरा. परंतु उघडलेल्या कोठाराची भरपाई कोणाला तरी करावीच लागते. आपल्या काळीं ती भरपाई करणारे आपण करदाते आहों. तेव्हां हा पैसा कोणत्या रीतीनें उभारावा, आणि कोणत्या कुलुपांत ठेवावा, हाच खरा प्रश्न होय.

खर्च न केल्यानें पैसा वांचतो, हा समज आधीं तपासूं. सन १८७३-७४ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून बिहारांत फारशी प्राणहानि होऊं दिली नाहीं. तेव्हां त्यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. तो ठपका मनांत ठेवून कीं काय, १८७७ सालीं दक्षिणेंतील दुष्काळाची व्यवस्था पाहण्यास ते आले तेव्हां त्यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्य व वर एक आणा, इतकी उतरविली. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडिली. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज पुढें सरकारच्याच दुष्काळ-कमिशननें केला. मेलेला शेतकरी सारा भरीत नाहीं, मेलेलें कूळ सावकाराचें देणें फेडीत नाहीं, आणि ओसाड गांवांत बाजार भरत नाहीं. ही काटकसर कोणाच्या खतावणींत जमेस धरावी?

त्या आपत्तीनंतर सरकारनें एक शहाणपणाचा विचार केला. दर वर्षीं दीड कोट रुपये दुष्काळाच्या विम्यादाखल बाजूस काढावे, आणि त्यासाठीं नवे कर बसवावे, असें ठरलें. विचार उत्तम; परंतु अंमल दोन ठिकाणीं चुकला. पहिली चूक वांटणीची. १८७८ चा लायसेन्स-कर व्यापारी व कारागीर यांच्यावर बसला, लहान दुकानदारही त्यांतून सुटला नाहीं. परंतु मोठ्या पगाराचे अधिकारी व वकील-डॉक्टर मोकळे राहिले. सुरतेस त्यावरून दंगा झाला. ही विषमता १८८६ च्या प्राप्तीवरील करानें बऱ्याच अंशीं दूर झाली. दुसरी चूक वचनाची. दुष्काळासाठीं म्हणून कर घेतला, आणि अफगाणिस्तानच्या युद्धाच्या ओढाताणींत तें विम्याचें अनुदानच थांबविलें! कर देणाऱ्याला कराचा भार एक वेळ सोसतो. ज्या कामासाठीं दिला त्या कामीं तो लागला नाहीं, हें मात्र सोसत नाहीं.

आतां आपल्याच राज्याकडे पाहूं. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याचीं कामें यांवांचून त्या पुऱ्या होत नाहींत. मे १९७३ मध्यें दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली होती. पाऊस गेला, पिकें गेलीं. परंतु १८७७ सारखा संहार झाला नाहीं. पुढें श्री. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना कायम झाली. तिचा कायदा १९७७ सालीं होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. आणि पैसा? त्यासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसला. शिवाय विक्री, मोटारगाड्या व बागायती जमिनी यांवरही विशेष भार पडला. आणि या करांचें जितकें उत्पन्न, तितकीच भर राज्यानें आपल्या तिजोरींतून घालावी, असा नियम ठरला. म्हणजे १८७८ ची वांटणीची चूक येथें सुधारली. पगारदार, वकील, व्यापारी व बागायतदार सर्व एका पंक्तीस बसले, आणि मुंबईच्या कचेरींतील नोकरानें मराठवाड्यांतील मजुराच्या मजुरीचा वांटा उचलला.

या योजनेनें खजिना बुडाला काय? बुडाला नाहीं, आणि त्याचें कारण तिच्या रचनेंत आहे. मातीकाम कष्टाचें व मजुरी बेताची, म्हणून ज्याच्या घरीं भाकरी आहे तो खडीवर येत नाहीं. पाऊस चांगला झाला कीं हजेरी आपोआप उतरते, अवर्षणांत चढते. शिवाय त्या पैशांतून पाझर तलाव, बांध व रस्ते मागें राहतात, आणि मजुरी आठवड्याच्या बाजारीं वाण्याच्या व कापडवाल्याच्या गल्ल्यांत परत येते. जो खर्च सुकाळांतही ओसरत नाहीं, जो एकदां सुरू केला कीं कोणत्याही पक्षास मागें घेववत नाहीं, आणि ज्यासाठीं कर न बसवितां कर्ज काढिलें जातें, त्याची चिंता अवश्य करावी. परंतु तिचा राग दुष्काळी कामांवर काढूं नये.

दोष नाहींत असें मी म्हणत नाहीं. हमीच्या नांवानें वसूल झालेला सर्व पैसा हमीच्या कामीं लागला नाहीं, ही तक्रार वारंवार झाली. १९८८ सालीं मजुरीचे दर सुमारें दुप्पट झाल्यावर कामावरील हजेरी बरीच घटली. लोकांची गरज संपली म्हणून नव्हे, तर पुरेशीं कामेंच उघडलीं नाहींत म्हणून, असें अभ्यासकांनीं दाखविलें. कागदावर हमी आणि शिवारांत काम नाहीं, ही टेंपलसाहेबांच्या अर्ध्या शेराचीच नवी आवृत्ति होय. व्यवसायकराची घटनेंतील कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती, ती १९८८ सालीं २५०० झाली. पुढें रुपयाचें मोल उतरत गेलें तरी मर्यादा दीर्घ काळ तेथेंच राहिली. त्यामुळें मोठा पेढीवाला व साधा कारकून यांचा हा कर जवळजवळ सारखाच झाला.

म्हणून माझें म्हणणें तीन कलमांत सांगतों. दुष्काळाचा कर दुष्काळाच्याच नांवें असावा, आणि सुकाळांतील शिल्लक पुढील अवर्षणासाठीं सांठवावी. त्या कोशाचा जमाखर्च दर वर्षीं तालुकावार छापावा. आणि कराची मर्यादा ऐपतीप्रमाणें वाढवावी. ही मागणी ज्यांची ऐपत आहे त्या आपणच प्रथम करावी, म्हणजे तिला वजन येईल.

मग वर्गणी कशाला? सरकारी कामावर जाण्यास हातपाय धड लागतात. म्हातारें माणूस, ओली बाळंतीण, आजारी कर्ता पुरुष यांचें नांव हजेरीपटावर चढत नाहीं. हुकूम निघून काम उघडेपर्यंत जे आठवडे जातात, तेवढ्यांत बैल निम्म्या किंमतीस विकला जातो, आणि बैल गेलेला शेतकरी पुढच्या मृगांत पेरणीस उभा राहत नाहीं. ही फट बुजविणें हें समितीचें काम. समिती सरकारची जागा घेऊं शकत नाहीं, व तिनें घेऊंही नये. पन्नास लाखांची मजुरी कोणत्याही वर्गणींतून निघणार नाहीं. परंतु सरकारचा हात जेथें उशिरां पोंचतो, तेथें शेजाऱ्याचा हात आधीं पोंचूं शकतो.

सबब माझी विनंति अशी. प्रत्येक आश्रयदात्यानें आपल्या वर्षाच्या व्यवसायकराइतकी तरी रक्कम समितीस द्यावी. बागायतदारांनीं कडबा व विहिरीचें पाणी द्यावें. धान्याच्या व्यापाऱ्यांनीं समितीस खरेदीच्या भावानें धान्य द्यावें. दिलेल्या प्रत्येक पैची पावती मिळेल, आणि हिशेब अहवालाबरोबर छापला जाईल. जो हिशेब आपण सरकारास विचारणार, तो प्रथम आम्हांस विचारा. आणि तो चोख दिसला, तर हात आंखडूं नका.