चंद्रभागेचं हिरवं पाणी



शताब्दीच्या या सोहळ्यात विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेणाऱ्या आयाबाया सगळे एकत्र बसलात, म्हणून पाण्याविषयी चार शब्द बोलतो. कुणाला वावगं वाटलं तर आम्हाला पदरात घ्या.

आपली कुकडी, मीना, घोड शेवटी भीमेलाच मिळतात. माणिकडोह, डिंभ्यातून पावसाळ्यात सुटलेलं पाणी उजनीत साठतं आणि पंढरपुरात त्यालाच आपण चंद्रभागा म्हणतो. आपल्याआधी आपलं पाणी वारीला निघालेलं असतं! पण ते एकटं जात नाही. वाटेत मुळा-मुठेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. उसाला, कांद्याला, टोमॅटोला आपण हात सैल सोडून टाकलेलं खतही वाहून जातं. तेव्हा सगळा दोष शहराचाच, असं आम्ही म्हणणार नाही.

हे नत्र आणि स्फुरद साचलेल्या कोमट पाण्यात मिळालं की निळं-हिरवं शेवाळ माजतं. शास्त्रात त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. म्हणजे खरं तर ते जिवाणूच. याच कुळातले काही भातखाचरात नत्र देतात, ते आपल्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पण काही जाती विष सोडतात. वाऱ्यानं काठाला लोटलेली, रंग ओतल्यासारखी हिरवी साय दिसते, ती हीच. प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं, पण नुसत्या नजरेनं ते कळत नाही.

असं पाणी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, अंगाला लागलं तर खाज सुटते आणि जास्त गेलं तर यकृताला धोका. गुरं दगावल्याची नोंद ऑस्ट्रेलियात १८७८ सालीच झाली आहे. ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रक्तात गेलं आणि पन्नासच्या वर रुग्ण गेले.

आता नीट ऐका. आपण म्हणतो, "उकळून घेऊ." उकळल्यानं पटकीचे जंतू मरतात, हे विष मरत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. पदरानं गाळून, तुरटी फिरवूनही विरघळलेलं विष निघत नाही.

आमच्यातल्याच एका आजींनी विचारलं, "मग तीर्थ घ्यायचंच नाही का?" आम्हालाही हा प्रश्न जड गेला. बाटलीत भरून आणलेलं तीर्थ आपण नातवंडांच्या ओठाला लावतो ना! आमचं म्हणणं एवढंच: पाणी हिरवं असेल तर मस्तकाला लावा, डोळ्यांना नको, पोटात नको. लेकरांना त्यात डुंबू देऊ नका. स्नान झाल्यावर स्वच्छ पाण्यानं अंग धुवा.

टँकर कुठं भरला, हे यंदापासून प्रत्येक मुक्कामी चोपदार विचारतील. तळ्यातून भरलेला असेल तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला घ्यायचं नाही, असं पंचांनी ठरवलं आहे.