तान्ह्याची रात्रपाळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखादा विषय मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. तान्ही मुले रात्री का उठतात आणि कधी उठायची थांबतात, असा विषय आम्ही कळवला, तेव्हा चिटणिसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. आम्ही डॉक्टर नव्हे. दहावीच्या परीक्षेआधीच मागावर उभे राहिलो. पुढचे शिक्षण नगरपालिकेच्या वाचनालयात, हाताला लागेल ते वाचून झाले. पण सारे आयुष्य पाळ्यांचा हिशेब करण्यात गेले आहे, आणि आजचा विषय पाळीचाच आहे.

प्रकरण असे घडले. इचलकरंजीत एक बाई कांड्या भरण्याच्या कामावर होत्या. पदरात तीन महिन्यांचे मूल. एका दुपारी यंत्रापाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि मालकाने त्याच दिवशी त्यांना कामावरून काढले. प्रकरण आमच्या कमिटीपुढे आले. 'पोर रात्रभर झोपू देत नाही' असे त्या म्हणाल्या तेव्हा कमिटीतले पुरुष हसले. आम्हीही हसलो. मूल झोपत नाही, ही मागणी कुणापुढे मांडायची, असे कुणीसे म्हणाले. बाई उठून गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत.

घरी जाऊन ही हकीकत आम्ही गंमत म्हणून सांगितली. मंडळींनी भाकरी थापता थापता एवढेच विचारले, 'आपला थोरला रात्री किती वेळा उठायचा, सांगा बघू?' आम्हांला सांगता येईना. त्या काळी आम्ही बारा तासांची रात्रपाळी करत होतो. दिवसा एका खोलीत आम्ही झोपायचो आणि आमची झोप मोडू नये म्हणून ही बाई, रात्रभर जागलेली, मुलाला घेऊन शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायची. दोन पाळ्या तिने सलग केल्या आणि हजेरी आमचीच लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात जाऊन बालसंगोपनाची पुस्तके मागितली, तेव्हा ग्रंथपालांनी आमच्या वयाकडे पाहिले.

वाचल्यावर जे कळले ते असे. नवे मूल दिवसाच्या चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, म्हणजे आपल्या दुप्पट. झोप कमी नाही. ती तुकड्यातुकड्यांची आहे. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे त्याला ठाऊक नसते. पोटात असताना ते आईच्या घड्याळावर चालते. बाहेर आल्यावर स्वतःचे घड्याळ लागायला दोनतीन महिने जातात. पोट लहान, आणि आईचे दूध पचायला हलके, म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यावे लागते. रात्रीचे पिणे हा लाड नव्हे. दूध तयार करणारा जो रस आईच्या रक्तात असतो, प्रोलॅक्टिन म्हणतात त्याला, तो रात्री अधिक असतो. अंगावरचे दूध ही उचल होईल तेवढाच माल काढणारी गिरणी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीची उचल बंद केली की उत्पादन घटते. मग सासूबाई म्हणतात, हिचे दूधच पातळ!

उलट एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जन्मानंतर पहिल्या दिवसांत मुलाचे वजन थोडे उतरते. ते भरून यायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर मूल तीनचार तासांहून अधिक झोपून राहिले तर त्याला उठवून पाजायचे असते. आपल्याकडे कमी वजनाची मुले पुष्कळ जन्मतात. त्यांच्या बाबतीत 'गुणी आहे, उठतच नाही' हे कौतुक घातक ठरू शकते. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले होत असले म्हणजे दूध पुरते आहे असे समजावे.

आता ते सलग झोपते कधी? 1957 साली मूर आणि उको या दोघा संशोधकांनी लंडनच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांपर्यंत शंभरातली सत्तर मुले रात्र काढू लागली होती. परंतु त्यांची 'रात्र' म्हणजे काय, तर बारा ते पाच! पाच तासांची पाळी आमच्या कुठल्याही कारखान्यात पूर्ण धरत नाहीत. आणि लागलेले वळणही टिकत नव्हते. झोपू लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले पाचव्या ते नवव्या महिन्यात पुन्हा उठू लागली. 2018 साली कॅनडातली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा महिन्यांच्या शंभर मुलांतली अडतीस सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाच्या मुलांतही अठ्ठावीस झोपत नव्हती. आणि न झोपणाऱ्यांच्या वाढीत वा बुद्धीत काही उणे आढळले नाही. 'वळण लावा' म्हणून आम्ही ज्या बाईला हसलो, तिचे मूल अगदी सर्वसाधारण होते.

मूल लवकर आणि सलग झोपावे ही निकड मुळात कुणाची, हा प्रश्न येथे येतो. आमची पणजी मुंबईला गिरणीत होती. तिच्या वेळी बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची गोळी देत, तिला बाळगोळी म्हणत. 1922 साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईच्या गिरणीकामगार बाळंतिणींची पाहणी केली, तिच्यातही ही चाल सर्रास असल्याची नोंद आहे. अफूने भूक मरते, श्वास मंदावतो. मूल शांत पडे, काही पुन्हा उठतही नसत. या आयांना दुष्ट म्हणण्याची आमची छाती नाही. भोंगा झाला की दार बंद होत होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी सांगितले. पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याचा प्रसूती-लाभ कायदा झाला.

अफू गेली, पण झोपवण्याची घाई गेलेली नाही. कुणी महिन्याच्या मुलाला पिठाची पेज पाजतो, कुणी मध चाटवतो. सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून क्वचित प्राणावर बेतणारा विषार होतो. पावडरच्या दुधाची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तरी शेजारीण ती फुकट करते.

आता आमच्या धंद्याचा हिशेब. 1961 च्या कायद्यातली बारा आठवड्यांची रजा 2017 साली पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवडे झाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. प्रसूतीआधी आठ आठवडे घेतले तर मागे उरतात अठरा, म्हणजे मूल चार महिन्यांचे. सगळी रजा नंतर घेतली तर सहा महिन्यांचे. ज्या वेळी मूल पुन्हा उठू लागते, नेमकी तेव्हाच आई कामावर हजर होते! दिवसा आई भेटत नाही म्हणून पुष्कळ मुले रात्रीच अधिक पितात. आणि ही रजादेखील हजेरीपटावर नाव असलेल्या, वर्षात ऐंशी दिवस भरलेल्या बाईला. कांड्या भरणारीचे नाव कुठल्याच पटावर नसते. बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस आहेत; खाजगी कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने काही नाही. वाटाघाटीत आम्ही ही मागणी घालतो, आणि खरे सांगायचे तर ती पहिल्याच बैठकीत सोडून देणारेही आमचेच पुरुष असतात.

बाप काय करणार, असे विचारतात. पाजणे आईचे, पण त्यापुढचे सारे कुणालाही येते. उचलून आणून देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फिरणे. दिवा मंद ठेवावा, त्या वेळी मुलाशी गप्पा मारू नयेत. सकाळी मात्र त्याला उजेडात आणावे, म्हणजे घड्याळ लवकर लागते. निजवायचे ते पाठीवर, घट्ट अंथरुणावर, तोंडाशी उशी-गोधडी न ठेवता. आणि दारू प्यायलेल्या माणसाने मुलाजवळ निजू नये. हे वाक्य आम्ही गेटसभेतही म्हणतो, तेव्हा कुणी हसत नाही.

आमच्या थोरल्याची मुलगी आता दहा आठवड्यांची आहे. तो दुसऱ्या पाळीला असला की रात्री अकरा ते दोन आमच्याकडे असते. सूनबाई पाजून निजते, मग नात आणि आम्ही व्हरांड्यात. काल एक वाजता ढेकर निघाली. आजही पाळी आहे, शेवटची गाडी गाठायची आहे, तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही येथेच थांबतो.