मी ओळख दाखवली नाही, त्याचं कारण



मागच्या मेळाव्यात रात्रीच्या जेवणाच्या वेळी तुमच्यापैकी एकाने माझ्यापुढे हात केला आणि मी तशीच पुढे निघून गेले. ‘मोठ्या कंपनीत गेली, आता ओळख कशाला देईल’ असं कुणीतरी म्हटल्याचं नंतर कानावर आलं. म्हणून आज सांगते, मला तो हात दिसलाच नव्हता.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. साधारण चार हजारांत एकाला होणारा हा आनुवंशिक आजार. बाईंनी फळ्यावर डोळ्याची आकृती काढली होती, आठवते? दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, त्या अंधुक उजेडात पाहतात. सुमारे ६० लाख शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात. या आजारात आधी दंडपेशी मरतात. म्हणून आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरतं, आणि पुढे शंकुपेशीही जाऊ लागतात. गॅदरिंगला विंगेतून स्टेजवर येताना मी धडपडायचे, तुम्ही हसायचात, मीही हसायचे. घरी मात्र गाजरं आणि पपई सुरू व्हायची!

‘आयटिस’ म्हणजे दाह. हे नाव एकोणिसाव्या शतकातलं. पुढे दोष जनुकांत सापडला आणि नाव चुकलं असं मानलं गेलं. आता दाहाकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. दृष्टिपटलात मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. मेलेल्या पेशी उचलणं हे त्यांचं एक काम. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं, की या पेशी दंडपेशींच्या थरात शिरतात, जिवंत दंडपेशीही गिळतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर अँटिव्हायरसने खराब फाइलबरोबर चांगल्या फाइलीही उडवाव्यात, तसं.

मग अँटिव्हायरसच बंद करावा? तेही सोपं नाही, कारण काही वेळा याच पेशी दृष्टिपटलाचं रक्षणही करतात. तरी माझ्यासारखीला यात आशा वाटते. या आजाराला कारण ठरणारी जनुकं ऐंशीच्या घरात आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकोपचार पद्धत त्यातल्या आरपीई६५ या एकाच जनुकासाठी आहे. माझा दोष दुसरीकडे आहे. दाह मात्र अनेकांत सारखा दिसतो. तो आवरता आला, तर गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली जास्त दिवस टिकू शकेल.

माझे आईबाबा आते-मामे भावंडं. अशा लग्नांत दोन्हीकडून तोच दोष मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. त्यांना मी दोष देत नाही. कुणाला माहीत होतं? पण आता आपल्याला माहीत आहे. घरातलं मूल तिन्हीसांजेला अडखळत असेल तर ‘वेंधळं’ म्हणू नका, दृष्टिपटलाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि आज जेवताना भेटलात, तर आधी नाव सांगा, मग हात पुढे करा. आवाज मी अजून सगळ्यांचे ओळखते.