नवऱ्याचं नाव काय?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत गोणी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. मला इथं कविता म्हणायला बोलावलंय. आज कविता नाय. आज पोट पाडण्याबद्दल बोलायचंय. मागे बसलेले हसतायत. हसून घ्या.

आमच्या चाळीत एक पोरगी आहे. तेव्हा वय एकोणीस, चार घरची धुणीभांडी करायची. पाळी चुकली, तर दोन महिने गप्प बसली. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, सांगणार कुठं आणि कुणाला? ज्याचं होतं त्याला सांगितलं. तो आठ दिवसांत गावाला पळाला. मग एक दिवसाचा खाडा करून ती दवाखान्यात गेली. केसपेपरच्या खिडकीवर पहिला सवाल, "नवऱ्याचं नाव काय?" मागे रांग, रांगेत आपल्याच गल्लीतल्या दोन बाया. पोरगी तशीच माघारी आली. मग कुणीतरी सांगितलेली मुळी, मग काडी. चौथ्या दिवशी आम्ही तिला टॅक्सीत घातली तेव्हा अंग तापानं भाजत होतं, सीट रक्तानं भिजली. जगली. पिशवी काढावी लागली.

आता कायदा ऐका. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला, १ एप्रिल १९७२ला लागू झाला. पण साधन फसलं म्हणून दिवस गेले, ही सबब त्यात फक्त विवाहित बाई आणि तिचा नवरा यांच्यापुरती लिहिलेली. तो 'नवरा' पुसून 'जोडीदार' लिहायला २०२१ साल उजाडलं. २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाय. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. अठरा पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही पुरते. बापाची नको, नवऱ्याची नको. किती पोरींना हे ठाऊक आहे? अठराच्या आतली असेल तर पालकाची सही लागते, आणि २०१२च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं. पोरीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव सांगायची गरज नाय, हेही त्याच निकालात आहे. पण पोरगी फक्त 'पोलीस' एवढंच ऐकते आणि पळते.

पळून जाते कुठं? केमिस्टकडं. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक अभ्यास छापून आला. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले चारात जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. गोळी म्हणजे विष नव्हे. वेळेत, बरोबर मात्रेत घेतली तर काम नीट होतं. पण आमची पोरगी दिवस मोजायला घाबरते, सोनोग्राफी नाय, चिठ्ठी नाय. गर्भ नळीत अडकला असेल तर गोळीनं काय होणार? आणि रक्त जायला लागलं की जायचं कुठं, तर सार्वजनिक संडासात. बाहेर डबे घेऊन लोक उभे. तासाला दोन पॅड भिजतायत, असं लागोपाठ दोन तास चाललं तर दवाखाना गाठायचा, एवढं तरी तिला कुणी सांगितलं?

जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. बाबासाहेबांच्या पक्षानं नोव्हेंबर १९३८मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो पी. जे. रोहम यांनी मांडला. यांचे फोटो आपल्या भिंतीवर आहेत. आणि आपण? पोरगी अडकली की आपणच म्हणतो, बोभाटा नको, समाजाची बदनामी होते. उच्चवर्णीयांच्या सोवळ्यावर थुंकणारे आपण, पोरीच्या पोटावर मात्र तेच सोवळं पांघरतो.

आता जे सांगतो ते कुणाला सांगितलं नव्हतं. पळाला तो माझा दोस्त. माझ्याच बाजूला बसून पोस्टर रंगवायचा. एका रात्री म्हणाला, लफडं झालंय, गाडीभाड्याला पैसे दे. मी पगारातले दिले. कोण पोरगी, तिचं काय झालं, एका शब्दानं विचारलं नाय. मला ती दोस्ती वाटली. टॅक्सीत तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिनंच त्याचं नाव सांगितलं.

वस्तीतल्या दोन बाया पोरींसोबत दवाखान्यात जायला तयार आहेत. त्या बाहेर बसल्यात, त्यांची नावं लिहून घ्या, आपापल्या बहिणींना द्या. पोरांनी रांग धरायची, केसपेपरचे पैसे भरायचे, त्या दिवसाचा खाडा भरून द्यायचा. रांग सकाळी साडेसातलाच लागते.