भाड्याच्या घरातलं शिसं



शेंदूर खायला घालून कुणा गवयाचा आवाज घालवला, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेंदूर शिशापासून होतो, आणि भिंती-दारांना लावायचा जुना सफेताही शिशाचाच. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या भाड्याच्या घरांत दडलेल्या या शिशाबद्दल. तिकडे अशा घरांत राहणारी मुलं-नातवंडं आपल्यापैकी कित्येकांची आहेत.

१९०४ साली ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने मुलांमधल्या शिशाच्या विषबाधेचा माग काढला, तो व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगापर्यंत पोचला. अमेरिकेने घरगुती रंगात शिसं घालायला बंदी केली ती थेट १९७८ साली. तोवर रंगवलेली घरं उभीच आहेत, आणि नव्या रंगाखाली जुना थर तसाच आहे. वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी रोज उघडली-मिटली की चौकटीला घासते. बारीक धूळ जमिनीवर पडते. रांगणारं मूल त्या धुळीत हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. मूल दिसायला ठणठणीत असतं. इजा मेंदूला होते, आणि ती भरून येत नाही.

१९९२ साली तिथल्या संसदेने कायदा केला. त्यातली माहिती देण्याची सक्ती १९९६ पासून लागू झाली. १९७८ पूर्वीचं घर भाड्याने देताना, करार होण्याआधी, मालकाने शिशाच्या रंगाबद्दल ठाऊक असलेलं सगळं सांगायचं, जवळचे तपासणी-अहवाल दाखवायचे, सरकारी पुस्तिका द्यायची, करारात इशारा घालायचा. जाणूनबुजून हे टाळलं तर नुकसानीच्या तिप्पट रक्कम भरावी लागते.

कायदा चांगलाच आहे. पण ‘ठाऊक असलेलं’ हे शब्द मला टोचतात. घर तपासून घेण्याची सक्ती या कायद्यात मालकावर नाही. ज्याने कधी तपासलंच नाही, त्याला सांगण्यासारखं काही नाही! तपासलं तर सांगावं लागणार, मग न तपासणंच सोयीचं. घर विकत घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. भाडेकरूला तेवढेही नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याचा १९७१ पासूनचा कायदा मला म्हणूनच अधिक न्यायाचा वाटतो. तिथे जुन्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाचा धोका दूर करणं हे मालकाचं काम आहे, त्याला ठाऊक असो वा नसो. आणि शिशाची सबब सांगून लेकुरवाळ्या कुटुंबाला घर नाकारताही येत नाही.

तेव्हा मुला-मुलींशी पुढच्या वेळी फोनवर बोलाल, तेव्हा घर कोणत्या साली बांधलंय ते विचारा. १९७८ च्या आधीचं असेल, तर करारातलं ते पान पुन्हा वाचायला सांगा. मालकाने तिथे ‘माहिती नाही’ अशी खूण केली असेल, तर घरात शिसं नाही असं समजू नका. आणि नातवंडाच्या रक्तातलं शिसं डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावा.